वंशावळीचं जास्तीचं पान

पेनाचं टोपण काढून पेनाच्या मागे खोचायचं, चष्मा कपाळावर ढकलायचा आणि समोर बसलेल्या माणसाला म्हणायचं, "हं. आता मांगं चाला." मुन्शीजींच्या टेबलाशी आलेल्या प्रत्येकाचं काम असंच सुरू व्हायचं. नवखा माणूस हे ऐकून खुर्ची मागे सरकवायचा. मुन्शीजी हसायचे नाहीत. त्याला शांतपणे सांगायचे की बाबा, खुर्ची राहू दे, बापाकडे चल, मग बापाच्या बापाकडे.

कचेरीबाहेर बसणारे असे अर्जनवीस तुम्हीही पाहिले असतील. एक डुगडुगतं टेबल, त्यावर दगडाखाली दाबलेले कागद, शाईचा डाग पडलेला खिसा. आमच्या मारेगावचे मुन्शीजीही दिसायला तसेच. काळे, किडकिडीत, चष्म्याच्या एका काडीच्या जागी दोरा. त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे, त्यामुळे मीही इथे नाव लिहीत नाही. मुन्शीजी म्हटलं की तालुक्यात एकच.

माझं झेरॉक्सचं आणि टायपिंगचं दुकान त्यांच्या टेबलाच्या बरोबर समोर आहे. मी स्वभावाने तापट. गिऱ्हाइकं म्हणतात, मशीन गरम व्हायच्या आधी बाई गरम होतात. म्हणू देत. दिवसभर लोक आधार कार्ड उलटं ठेवून वर मलाच विचारतात की कोरा कागद कसा आला, तेव्हा दुसरी कोणीही तापली असती. मुन्शीजींवर मात्र मला फार वेळ रागावता आलं नाही. एकदा आलं, ते पुढे सांगते.

त्यांच्या कामात सगळ्यात जास्त असायच्या वंशावळी. जातीच्या दाखल्याची पडताळणी करायची म्हणजे वंशावळ लागते. तू कोणाचा, तो कोणाचा, आणि या सगळ्याला कागद काय. सरकारला माणसाचं पुढचं फारसं काही विचारायचं नसतं, मागचं मात्र सगळं हवं असतं. जितका जुना कागद तितका तो पक्का. मुन्शीजी माणसाला बोटाला धरून मागे न्यायचे. शाळेचा दाखला, कोतवालाने लिहिलेली जन्ममृत्यूची वही, जमिनीची नोंद. एखाद्या पणजोबाची नोंद सापडली की त्यांचा चेहरा असा खुलायचा, जणू तो म्हातारा स्वतः चालत येऊन टेबलाशी बसला आहे.

माझ्या माहेरी पेटीभर कागद होते. आजोबा गावचे पाटील. आमच्या घरात कोण कधी जन्मलं, कोणाचं कोणाशी लग्न झालं, सगळं लिहिलेलं. त्यामुळे कागद नसणं म्हणजे काय हे मला चाळिशीपर्यंत ठाऊकच नव्हतं. हे मी अभिमानाने सांगत नाही.

मुन्शीजींचा पहिला धंदा वेगळाच होता. तरुणपणी ते व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही बैलगाडीत घालून गावोगाव सिनेमे दाखवत. गोठ्याला घोंगड्या बांधून भर दुपारी अंधार करायचा आणि माणसं दाटीवाटीने बसवायची. सिनेमा संपला की कॅसेट मागे घ्यावी लागे. चित्र चालू ठेवून मागे घेतली की सगळं उलटं दिसे. जळालेलं घर विझत विझत उभं राही. सांडलेलं दूध भांड्यात परत जाई. चितेवरचा माणूस उठून उलट्या पावलांनी घरी येई. सिनेमापेक्षा हे बघायला जास्त गर्दी व्हायची, असं मुन्शीजी सांगत.

एका गावात एक बाई सिनेमा कधीच बघत नसे. सगळे आत असले की ही बाहेर ओट्यावर तूर निवडत बसे आणि कॅसेट मागे घ्यायची वेळ झाली की आत येई. तिचा मुलगा विहीर खोदताना दगडाखाली सापडून गेला होता. पडद्यावरचं मेलेलं पोरगं उठून बसलं की ती पदराने तोंड पुसे आणि बाहेर जाई. तिच्यासाठी मुन्शीजी तेवढा तुकडा दोनदा मागे घेत.

पुढे व्हीसीआरचे दिवस गेले आणि मुन्शीजी कचेरीशी येऊन बसले. पण उलटं बघायची खोड गेली नाही. एकदा टीव्हीवर कोणीतरी शास्त्रज्ञ सांगत होता, की आकाशातले ताऱ्यांचे समूह एकमेकांपासून दूर दूर चालले आहेत. घरातली बाकीची मंडळी जेवायला उठली. हे तिथेच बसून राहिले. दुसऱ्या दिवशी दुकान उघडत नाही तोच माझ्यापुढे हजर.

"दूर जाऊन राह्यले म्हंते ना थो? मंग कॅसेट मांगं घ्या. जवळच येतीन, दुसरं काय करतीन?"

मी म्हटलं, मुन्शीजी, आधी मला शटर वर करू द्या.

तेव्हापासून त्यांना हा नादच लागला. कॉलेजात फिजिक्स शिकवणारे एक सर प्रतिज्ञापत्रांसाठी त्यांच्याकडे येत. त्यांच्याकडून मुन्शीजी मेहनताना म्हणून एका प्रश्नाचं उत्तर घेत. सूर्याच्या आधी काय होतं? लोखंड कुठून आलं? सर बिचारे उभ्या उभ्या उत्तर देत, मुन्शीजी ते बिघडलेल्या स्टॅम्प पेपरच्या पाठीवर लिहून ठेवत. अगदी सुरुवातीच्या त्या क्षणाविषयी सर म्हणाले, की तिथलं अजून कोणालाच नीट माहीत नाही. मुन्शीजींनी मान डोलावली आणि म्हणाले, म्हणजे तिथं कोतवाल पोचला नाही.

एकदा सरांनी त्यांची एक चूक सुधारली. मुन्शीजी म्हणत होते, आधी सगळं विश्व एका ठिकाणी होतं. सर म्हणाले, असं म्हणू नका. एका ठिकाणी म्हटलं की त्याच्या बाजूला दुसरं रिकामं ठिकाण असल्यासारखं वाटतं. तसं नव्हतं. जागा म्हणून जी काही होती ती तेवढीच. मुन्शीजींनी त्या दिवशी दुपारनंतर एकही अर्ज लिहिला नाही. संध्याकाळी टेबल आवरून ते माझ्याकडे आले.

"बाई, सरानं काय सांगतलं समजलं का तुमाले? तवा बाहेर कोनी नव्हतं. बाहेरच नव्हतं."

मुन्शीजींचं जुनं घर गावकुसाबाहेरचं. आजोबांनी धर्म बदलला, वडिलांनी पहिल्यांदा शाळा पाहिली, यांनी टेबल मांडलं. हे ते कधी उगाळत बसत नसत. पण ते वाक्य माझ्याच काउंटरवर ठेवून गेले, पाटलाच्या नातीच्या. मला भरून आलं आणि लाजही वाटली. मी उगाचच भरलेल्या ट्रेमध्ये पुन्हा कागद भरत राहिले.

या विद्येचा त्यांनी केलेला एक उपयोग मी डोळ्यांनी पाहिला आहे. एक ठेकेदार करारनामा लिहून घ्यायला आला होता. काम होत आलं तसा त्याला भलताच पुळका आला आणि विचारू लागला, आडनावावरून काही समजत नाही, मूळचे कोण तुम्ही? हा प्रश्न आपल्याकडे कसा विचारतात आणि कशासाठी विचारतात, तुम्हाला सांगायला नको. मुन्शीजींनी पेन खाली ठेवलं आणि त्याला बसायला सांगितलं.

मग जे मागे निघाले ते थांबेचनात. बाप, आजा, पणजा. गाव नव्हतं, शेत नव्हतं. माणूस झाडावर होता. झाडही नव्हतं, पाण्यात मासा होता. मासाही नव्हता, पाण्यावर हिरवी साय होती. ठेकेदार माकडापाशीच उठायला लागला होता, माशापाशी त्याने घड्याळ पाहिलं. जीपचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मुन्शीजींनी त्याचा हात धरला आणि म्हणाले, "थांबा ना साहेब, अजून पृथ्वी बनाची हाय. मूळ लय दूर हाय. अन् घाबरू नोका, तुमीबी हाये तिथं." तो माणूस करारनामा टेबलावरच विसरून गेला. दुसऱ्या दिवशी न्यायला ड्रायव्हरला पाठवलं.

कचेरीचं आवार साफ करायचं ठरलं तेव्हा सगळ्या टेबलवाल्यांना हटायला सांगितलं. बाकीचे रडत-भेकत गेले. मुन्शीजींनी आवाराच्या नकाशाची प्रत काढून आणली, टेपने मोजलं आणि टेबल हद्दीच्या अर्धा फूट बाहेर मांडलं. उठवायला माणूस आला तर त्याला नकाशा दाखवत. ऊन सरळ डोक्यावर यायचं, पण त्या अर्ध्या फुटावर ते पुढची सगळी वर्षं बसले. अर्ज ऑनलाइन झाले तरी बसले. लोकांना मोबाइलवर भरता येतं, पण काय भरायचं ते मुन्शीजींनाच विचारावं लागतं, असा त्यांचा दावा होता. तो बराचसा खराही होता.

आता त्या मुलीची गोष्ट.

ती झरी जामणीकडच्या जंगलातल्या कोलाम आदिवासींच्या एका पोडावरून आली होती. पोड म्हणजे वीस-पंचवीस घरांची वस्ती. सोबत आई होती, तेंदूपत्ता तोडून हात काळे पडलेली. मुलगी बारावी होऊन नर्सिंगला लागत होती, तिच्या पोडावरून इतकं शिकलेली पहिलीच. प्रवेश पक्का व्हायला जातवैधतेचं प्रमाणपत्र हवं होतं, आणि ते ठरावीक तारखेच्या आत हवं होतं. तिच्याकडे वडिलांचा चौथीचा दाखला होता, त्यावर कोलाम असं स्वच्छ लिहिलेलं. पण जातपडताळणी समितीचं पत्र आलं होतं की याहून जुना पुरावा सादर करावा.

आजोबा शाळेत गेलेच नव्हते. पणजोबांच्या काळात त्या बाजूला शाळाच नव्हती. मुन्शीजींनी महिनाभर शोध घेतला. कोतवालाची वही मिळाली, पण नेमकी हवी ती वर्षं वाळवीने खाल्लेली. जंगलखात्याच्या जुन्या मजुरांच्या यादीत पणजोबांचं नाव सापडलं. 'भीमा, मजूर.' एवढंच. बापाचं नाव नाही, जात नाही. अशा भीमांनी आपला अर्धा जिल्हा भरलेला आहे.

खरी गंमत अशी, की मुलीच्या आईला सासरच्या सात पिढ्यांची नावं तोंडपाठ होती. टेबलापाशी उभी राहून तिने ती घडाघडा म्हणून दाखवली, मध्ये एकदाही न अडखळता. मला माझ्या खापरपणजोबांचं नाव पेटी उघडल्याशिवाय सांगता येणार नाही. पण तोंडच्या नावावर शिक्का कसा मारायचा?

त्या दिवशी मी मुन्शीजींना पहिल्यांदा संतापलेलं पाहिलं. त्यांनी वंशावळीचं रीतसर पान पूर्ण केलं, मग एक कोरा कागद घेतला आणि दोन तास कोणाकडे मान वर करून पाहिलं नाही. लिहून झाल्यावर कागद माझ्याकडे टायपिंगला दिला. वर लिहिलं होतं, 'वंशावळीचे जास्तीचे पान.' मी ते इतक्यांदा वाचलं आहे की आता न पाहता लिहू शकते.

'अर्जदाराचे वडील, आजोबा व पणजोबा यांची नावे मागील पानावर दिली आहेत. त्यामागील नावे अर्जदाराच्या आईस तोंडपाठ आहेत, ती ऐकून घ्यावीत. ही सर्व मंडळी याच जंगलात राहत होती. त्यांच्यामागे गेल्यास नुसते जंगल आहे. जंगलामागे गेल्यास अर्जदाराच्या गावाजवळ जे सहाकोनी दगडी खांब आहेत ते वितळतात, त्यांचा लाव्हा होतो व तो जमिनीत परत जातो. त्यामागे येथे समुद्र आहे. त्याच्या तळाची चुनखडी आजही आपल्या भागातील खाणींतून निघते. त्यामागे पृथ्वी नाही, धूळ आहे. धुळीमागे तारे आहेत. अर्जदाराच्या रक्तातील लोखंड त्या ताऱ्यांत तयार झाले. माननीय सदस्यांच्या रक्तातील लोखंडही तसेच तयार झाले. त्यामागे तारे नाहीत, नुसता उजेड आहे, आणि सगळे इतके जवळ आहे की एकाला दुसऱ्यापासून वेगळे ओळखता येत नाही. त्या वेळी अर्जदार, माननीय सदस्य व प्रस्तुत लिहिणार हे एकत्र राहत होते. त्या वस्तीच्या बाहेर कोणीही राहत नव्हते, कारण बाहेर असे काही नव्हते. याचा लेखी पुरावा अर्जदाराकडे नाही. माननीय सदस्यांकडे असल्यास त्यांनी तो सादर करावा. वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरा आहे.'

मी ते टाइप केलं आणि मग भडकले. त्यांना म्हटलं, तुमचा नाद तुमच्यापाशी ठेवा. पोरीची एकच जागा आहे, एकच तारीख आहे. समितीतल्या कोणाला हे पान टिंगल वाटलं तर फाइल तळाला जाईल आणि ही पोरगी परत तेंदूपत्ता तोडायला. तुमची कॅसेट मागे जाईल, तिचं वर्ष मागे येणार नाही.

मुन्शीजींनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, कागद तिचा आहे, तिलाच विचारू.

मुलीने काउंटरला टेकून पान वाचलं. ओळीखालून बोट सरकवत, सावकाश. मध्ये थांबून तिने आईला कोलामीत काहीतरी सांगितलं आणि ती बाई तोंडाला पदर लावून हसली. दगडी खांब पातळ होऊन जमिनीत गेले, हे तिला सांगितलं होतं म्हणे. वाचून झाल्यावर मुलीने पान माझ्याकडे परत दिलं.

"लावा," ती म्हणाली. "अन् मले एक झेरॉक्स द्या."

मी झेरॉक्स दिली. मग फाइल शिवताना मुन्शीजी चहाला गेले होते तेवढ्यात ते पान काढून ड्रॉवरमध्ये टाकलं. पोरीच्या भल्यासाठी, असं मी मनात म्हटलं. दुसऱ्याच्या भल्यासाठी आपण काय काय करतो, त्याची एक वेगळी वही ठेवायला हवी.

सुनावणीला मुन्शीजी त्या मायलेकींबरोबर एसटीने गेले. आत फक्त मुलीला आणि आईला सोडलं, हे बाहेर बाकावर बसून राहिले. आत काय झालं ते मुलीने परतताना माझ्या दुकानात येऊन सांगितलं. देव कोणते, लग्न कसं लागतं, माणूस गेला की काय करतात, असं सगळं विचारून झालं. मग एक साहेब म्हणाले, हे ठीक आहे, पण तुझे पणजोबा कोलामच होते हे कशावरून? मुलीला वाटलं, याचं उत्तर तर फाइलमध्ये आहे. तिने सांगितलं, जास्तीचं पान बघा. साहेबांनी फाइल पालथी घातली. पान नव्हतं.

तेव्हा ती उभी राहिली आणि तिने ते पान तोंडपाठ म्हटलं. झेरॉक्स घरी नेऊन तिने ती आईच्या सात नावांसारखी पाठ केली होती. पहिल्या ओळीपासून थेट 'त्यांनी तो सादर करावा' इथपर्यंत. तिथे तिघं बसले होते. एक हसले. एकांनी विचारलं, हे कोणी शिकवलं? ती म्हणाली, शिकवलं नाही, वाचलं. तिसऱ्या एक बाई होत्या. त्यांनी मुलीच्या आईला पुढे बोलावलं आणि सात नावं म्हणायला सांगितलं.

हे सगळं सांगताना मुलगी माझ्याकडे रोखून बघत नव्हती, पण मुन्शीजी बघत होते. मी मान वर केली नाही.

त्यानंतर अकरा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. झेरॉक्ससाठी कागद काउंटरवर ठेवायचे, दोन बोटं वर करायचे, प्रती घेऊन जायचे. मला वाटायचं, ओरडतील, भांडतील, मग मलाही ओरडता येईल. बाराव्या दिवशी माझाच बांध फुटला. म्हटलं, मुन्शीजी, मी भीतीने काढलं ते पान, वाईट मनाने नाही.

"भिऊन काढलं, ठीक हाय," ते म्हणाले. "पन तिनं 'लावा' म्हनलं होतं. मी म्हनलं असतं तं येगळी गोष्ट होती. तिच्या हातचं कायले काढलं, बाई?"

माझ्या आजोबांच्या पेटीत ज्यांची नावं लिहायची राहून गेली, त्यांनाही कोणी विचारलं नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं. कळायला फार उशीर झाला, पण कळलं.

समितीने पोडावर चौकशीला माणूस पाठवला. त्याने चार म्हाताऱ्यांचे जबाब घेतले, सगळ्यांनी तीच सात नावं त्याच क्रमाने सांगितली. प्रमाणपत्र निघालं. पण तोवर तारीख उलटून गेली होती आणि मुलीची त्या वर्षीची जागा गेली. ती जास्तीच्या पानामुळे गेली नाही आणि प्रमाणपत्रही पानामुळे मिळालं असं मी म्हणणार नाही. मुलगी वर्षभर आईबरोबर जंगलात कामाला गेली आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज केला. आज ती एका ग्रामीण रुग्णालयात नर्स आहे. तिच्या भावकीतल्या मुलांना आता पुरावा शोधावा लागत नाही. ते तिच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स माझ्याकडूनच काढून नेतात.

मुन्शीजी गेल्या उन्हाळ्यात गेले. दुपारी जेवायला घरी गेले, बायकोला म्हणाले जरा पडतो, आणि उठले नाहीत. मयतीला पोडावरून जीप भरून माणसं आली होती. ती नर्स मुलगी ड्यूटीवरून तशीच आली होती. आम्ही शेजारी शेजारी उभ्या होतो. भिक्खूंनी त्रिसरण म्हटलं, लोकांनी फुलं वाहिली. मी रडले, आणि मी सहसा चारचौघांत रडत नाही.

त्यांच्या अर्ध्या फुटावर आता मोटारसायकली उभ्या असतात. पहिल्या आठवड्यात मी दोघांच्या गाड्या हटवायला लावल्या, मग सोडून दिलं. गाड्या हटवून माणूस थोडाच येणार आहे.

पण वंशावळी लिहायचं काम माझ्याकडे आलं. कोणीतरी करायला हवं होतं. ज्यांच्याकडे जुना कागद आहे त्यांचं सोपं असतं. ज्यांच्याकडे नाही, त्यांच्यासाठी मी ड्रॉवर उघडते. जास्तीचं पान त्यांच्यापुढे ठेवते, वाचता येत नसेल तर वाचून दाखवते आणि विचारते, लावू का? बरेच जण नको म्हणतात. त्यांचा निर्णय. काही जण दोनदा वाचायला लावतात आणि लावा म्हणतात. मग मी दगडी खांबांच्या जागी त्यांच्या गावचं जे असेल ते घालते, टेकडी, नाला, खाण, आणि पान फाइलला शिवते. खाली माझ्या दुकानाचा शिक्का असतो.

मागच्या महिन्यात एका कार्यालयाचं पत्र आलं. शिक्क्यावरून पत्ता काढला असणार. अर्जासोबत जोडलेला असंबद्ध मजकूर कोणी लिहिला आणि कोणत्या अधिकारात जोडला, याचा सात दिवसांत खुलासा करावा. घरचे म्हणाले, चुकून जोडलं गेलं, पुन्हा होणार नाही, असं लिही आणि मोकळी हो. नवऱ्याने तर तसा मसुदाही काढून दिला. चांगला होता, कुठेही अडकायला नको असा. तो मी घडी करून बाजूला ठेवला.

सातव्या दिवशी सकाळी, गिऱ्हाईक यायच्या आत, मशीनशी बसून मी खुलासा लिहिला. पोस्टात टाकण्याआधी त्याची एक प्रत काढली, ती माझ्यासमोर आहे.

'सदर पान मी अर्जदारास विचारून व त्याने होय म्हटल्यावर जोडले आहे. ते ज्यांनी लिहिले ते अर्जनवीस हयात नाहीत. त्यामुळे त्यांचा जबाब घेता येणार नाही, माझा घ्यावा. मजकूर मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. तो मला मान्य आहे.'